फाटकावरचा कडक माणूस

कारखान्याच्या फाटकावर ते सव्वीस वर्षं होते आणि सगळे त्यांना काकाच म्हणत. चारशे कामगारांचे चेहरे त्यांना पाठ होते. ओळखपत्र त्यांनी कधी कुणाला मागितलं नाही. माणूस दहा पावलांवर असतानाच फाटक उघडलेलं असायचं.

साठी ओलांडली आणि येणाऱ्याच्या तोंडावर राखाडी ठिपका दिसायला लागला. शर्ट दिसे, चपला दिसत, चेहरा तेवढा नाही. काकांनी आधी चष्मा पुसला. मग नवा केला. मग फाटकावरचा दिवा बदलून घेतला. ठिपका जागचा हलेना, तेव्हा त्यांनी सगळ्यांकडे ओळखपत्र मागायला सुरुवात केली.

त्यावरचा फोटोही त्यांना धड दिसत नव्हता. पण कार्ड हातात घेऊन ते म्हणत, "नाव सांगा. खातं सांगा." माणूस बोलला की आवाजावरून कळायचं. एकदा खुद्द मॅनेजरसाहेब आले. त्यांचा घसा बसला होता आणि कार्ड घरी राहिलं होतं. काकांनी त्यांना सरळ परत पाठवलं.

पुढच्याच आठवड्यात सूचनाफलकावर पत्र लागलं. काकांच्या कर्तव्यदक्षतेचं त्यात तोंडभरून कौतुक होतं. सगळ्यांनी ते वाचलं, काका सोडून.

मग एका दुपारी त्यांची बायको विसरलेला डबा घेऊन फाटकावर आली. घाईत होती, नुसताच डबा पुढे केला.

"कार्ड दाखवा, बाई," काका म्हणाले.

"लग्नाला पस्तीस वर्षं झाली," ती म्हणाली, "कार्ड अजून कुणी दिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी चौकटींचा एक कागद पुढे धरला आणि एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं. उजव्या डोळ्याला मधल्या काही चौकटी दिसेचनात. डाव्याला रेघा वाकड्यातिकड्या दिसल्या.

"डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध बारीक दिसण्याची एक जागा असते," बाई म्हणाल्या. "वयानुसार ती झिजते. उजवीकडे नुसती झीज आहे, तिला कोरडा प्रकार म्हणतात. डावीकडे कच्च्या रक्तवाहिन्या फुटून पाझरताहेत. तो ओला प्रकार, आणि त्यात थांबून चालत नाही. इंजेक्शन द्यावं लागेल."

"कुठे?"

"डोळ्यात."

काकांनी विचार केला. "कमरेत नाही का चालणार?"

"नाही चालणार. पण डोळा बधिर करतो."

"मी आंधळा होणार का?"

"कडेचं दिसणं सहसा जात नाही. मधलं गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगणार नाही. उरलंय ते सांभाळायचं. सिगारेट ओढता?"

"दिवसाला आठ."

"बारा," बायको म्हणाली.

सिगारेट त्याच दिवशी बंद झाली, म्हणजे बायकोने केली. चौकटींचा कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाला चिकटवला. रोज सकाळी चष्मा लावून, एकेक डोळा झाकून बघायचं आणि रेघ नव्याने वाकली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

काका मॅनेजरसाहेबांकडे गेले. "साहेब, मी कडक वगैरे काही नव्हतो. मला दिसत नव्हतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे मी त्या दिवशी घरी परत गेलो, ते?"

"फुकट गेलात."

साहेबांना हसू आवरेना. काकांना फाटकावरून काढलं, ते आतल्या टेलिफोनवर बसवण्यासाठी. मोठ्या आकड्यांचा फोन दिला, टेबलावर वाकवता येणारा दिवा दिला. पहिले आठ दिवस काका घरी कुणाशी बोलले नाहीत. फाटक सुटल्याचं त्यांना लागलं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. नवव्या दिवशी त्यांनी नुसत्या "हॅलो"वरून भांडारातला कारकून ओळखला, आणि घरी येऊन ते दोनदा सांगितलं.

तीन इंजेक्शनांनंतर डाव्या डोळ्याच्या रेघा बऱ्याचशा सरळ झाल्या. उजव्यातला ठिपका आहे तिथेच आहे. इंजेक्शनं चालू आहेत, आता अंतर वाढवलंय.

परवा दवाखान्यात शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांची पहिलीच वेळ होती.

"फार दुखतं का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही. थोडं दाबल्यासारखं वाटतं," काका म्हणाले. "वर छताकडे बघायला सांगतात. तिथे एक तपकिरी डाग दिसेल, त्याला घाबरू नका. मी दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळा तपासलाय. तो छताचाच आहे."