हूटर मीच दाबला

"फूंक मार."

शिफ्टच्या साहेबांनी दारू तपासायचं यंत्र माझ्या तोंडासमोर धरलं. भरदुपारी. गॅस गळाला की सगळ्यांनी शेडबाहेर जमायचं, त्या मैदानात. सत्तर-ऐंशी माणसं उभी होती, माझ्यामुळेच बाहेर आलेली. मी फुंक मारली. शून्य.

"फिर से. जोर से."

परत शून्य. तिसऱ्यांदाही शून्य. मग साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "गैस शेड में नहीं थी. इसके दिमाग में है."

लोक हसले. माझ्या डब्यातली भाजी खाणारेही हसले. आणि मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

छत्तीसगडात, दुर्गजवळच्या रसमड्यातला कारखाना. मी ठेकेदाराचा माणूस, क्रेन ऑपरेटर. बाप गोंदियाकडून भिलाईला आला आणि तिथल्या सरकारी पोलाद प्लांटमधून पक्का कामगार म्हणून रिटायर झाला. मला पक्की नोकरी मिळाली नाही. पण वर केबिनमध्ये बसलो की खालची सगळी माणसं माझ्या हाताकडे बघायची. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी हुकाला लोखंडी प्लेटांचा गठ्ठा होता. अचानक श्वास पुरेना. छाती आवळली, बोटांना मुंग्या आल्या, डोकं गरगरलं. वाटलं, मेलो. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं, भट्टीच्या गॅसला रंग नाही, वास नाही. दम लागला, डोकं फिरलं, तर विचार करायचा नाही, हूटर दाबायचा. मी गठ्ठा सावकाश जमिनीला टेकवला आणि हूटर दाबला. शिकवलं तेच केलं. शेड रिकामं झालं. गॅसचं मीटर सगळीकडे फिरवलं. तिथेही शून्य.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातात झाडू आला. नावही मिळालं, गॅस. शिफ्टच्या आधी आमची रोज उभ्या-उभ्या मीटिंग होते. साहेब विचारतात, "आज किसी की तबीयत खराब?" कोणीही हात वर करत नाही. ताप असला तरी नाही. तशी रीतच आहे. आता ते पुढे जोडायचे, "गैस भाई, आज हवा कैसी है?"

आणि ते छाती आवळणं परत परत यायला लागलं. टेम्पोत, भाजीबाजारात, जेवताना. तीन ठिकाणी छातीची पट्टी, ईसीजी, काढली. सगळीकडे एकच उत्तर, काही नाही. काही नाही, तर मी मरत का होतो? आईनं नजर उतरवली. वर बोलली, "कावून भिऊन राहिला रे एवढा? तुया बाप तीस वर्सं भट्टीपुढं उभा राह्यला. त्याले कदी काई झालं नाई." साहेबांपेक्षा हे जास्त लागलं. रांडेच्या, तू भित्राच आहेस, असं मी स्वतःलाच म्हणायला लागलो.

उतई गावचे साहूकाका क्रेनखाली गठ्ठ्याला साखळी बांधायचे. एकदा कँटीनच्या मागे त्यांनी तंबाखूची डबी उघडून माझ्यापुढे धरली. आत तंबाखू नव्हती. कागदात गुंडाळलेल्या गोळ्या होत्या.

"मोर संग घलो होथे, बेटा," ते म्हणाले. माझ्यासोबतही होतं. "कोनो ला झन बताबे." कोणाला सांगू नको.

किती वर्षं ते डबी लपवत होते, त्यांनाच ठाऊक.

त्यांनीच मला दुर्गच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. म्हणाल्या, "याला पॅनिक अटॅक म्हणतात. तुमचा आजार एन्झायटीचा आहे. धोका नसताना शरीर धोक्याचा हूटर वाजवतं. त्रास मात्र खरा असतो. नाटक नाही, भित्रेपणाही नाही." मी चाळिशीतला माणूस, त्यांच्यासमोर हुंदके देऊन रडलो. गोळ्या दिल्या. दर पंधरा दिवसांनी बोलायला बोलावलं. त्या लिहून देईपर्यंत क्रेनवर चढायचं नाही, हेही बजावलं. मला ते पटलं. खाली माणसं असतात.

चार दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. हूटरची फाइल बंद करायला टाइप केलेला माफीनामा तयार होता. "मैंने शरारत में झूठा हूटर बजाया."

"साइन कर दे. कल से क्रेन ले ले."

मी डॉक्टरांचा कागद पुढे केला. त्यांनी वाचून परत सरकवला. "ये दिखाएगा तो जिंदगीभर झाडू मारेगा."

म्हणजे खोटं लिहिलं तर क्रेन, खरं लिहिलं तर झाडू. पेन हातात होतं. क्रेन हवी होती, फार हवी होती. तेवढ्यात त्यांच्या टेबलावरची गोळ्यांची पट्टी दिसली. बीपीची. उघडी, चहाच्या कपाशेजारी, चारचौघांत. यांचा आजार टेबलावर, आणि आमचा तंबाखूच्या डबीत? डोक्यात सणक गेली.

"नहीं करूंगा," मी म्हणालो. "शरारत नहीं थी."

पेन ठेवून बाहेर आलो. झाडू उचलला.

दुसऱ्या सकाळी साहेबांनी विचारलं, "आज किसी की तबीयत खराब?"

मी हात वर केला. "मेरी. एन्झायटी की बीमारी है. इलाज चालू है."

कोणी हसलं नाही. साहूकाका खाली बघत होते, हात खिशातल्या डबीवर. त्यांचा मला राग नाही. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत त्यांची.

झाडू अजून माझ्याच हातात आहे. दम अजून लागतो, थोडा कमी. गोळी मी पाण्याच्या टाकीजवळ, सगळ्यांसमोर घेतो. एक दिवस क्रेनवर चढेन. तिथे दम लागला, तर ओझं टेकवून परत हूटर दाबीन, मीटरवर काहीही येवो. आणि फुंकायचं यंत्र आणायचंच असेल, तर खुशाल आणा.

पहिली फुंक साहेबांची.