जुडीतला दुसरा पाला

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मला आठवावे लागत नाही. हौसाआत्याचे. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवऱ्याने टाकली म्हणून ती माहेरी परत आली, त्याच वर्षी माझी आई गेली, आणि तीन वर्षांचा मी तिच्या वाट्याला आलो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्या कागदावर माझे नाव आहे, वडिलांचे आहे, तिचे कुठेच नाही. म्हणून ते इथे सुरुवातीलाच लिहितो.

आमची वस्ती ताम्हिणीच्या अलीकडे, रस्त्यापासून तासभर चालीवर. अकरावी पास होऊन मी पुण्याला कॉलेजात निघालो तेव्हा माझी पत्र्याची पेटी आत्याने डोक्यावर घेतली होती. माझ्या हातात नुसती छत्री. मी पेटी मागितली तर म्हणाली, "चांगल्या सदऱ्याला गंज लागंल." एसटी आली. पेटी टपावर चढली. मी खिडकीशी बसलो तशी ती खालून म्हणाली, "मागं बघू नगंस, येश्या. मागं बघितलं की गाडी लागती."

मी खरेच पौड येईपर्यंत मागे पाहिले नाही. गाडी लागू नये म्हणून ती तसे म्हणाली, की तिचा चेहरा मी पाहू नये म्हणून, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही नक्की सांगता येत नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे त्या रस्त्याने गेले, आणि ज्यांनी कोणाला तरी त्या रस्त्यावर सोडले, त्यांना कदाचित ठाऊक असेल.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी वडील वारले. मला पुण्यातच एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिकाची नोकरी लागली. कसब्यात एक खोली मिळाली. वातीचा स्टोव्ह, दोन पातेली, एक माठ आणि एक खाट. मी स्वतः खाली सतरंजीवर झोपत असे. खाट आत्यासाठी घेतली होती. वस्तीवर ती आता एकटी होती. मी निरोप धाडला की येऊन बघ, पटले तर इथेच राहा. उत्तर आले, "शनवारी येती. बघती." 'बघती' म्हणजे काय, यावर मी आठवडाभर विचार करत राहिलो. एवढे कळले होते की खोली, खाट आणि मी केलेले जेवण यावर तिचे राहणे ठरणार.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस असे. तिथूनच मी कापडी पिशवी घेऊन मंडईत गेलो आणि गोंधळून उभा राहिलो. तोवर मी खानावळीत जेवत होतो. भाजी मी आयुष्यात विकत घेतली नव्हती. आमच्या वस्तीवर भाजी विकत घ्यायची पद्धतच नव्हती. परसात, बांधावर, रानात असेल ते खायचे. नाहीतर शेजारीण वाटीभर कालवण आणून देई आणि तिची वाटी परत जाताना रिकामी जात नसे. इथे ढीग होते, आणि ढिगामागे बसलेली माणसे सगळी मलाच हाका मारत होती. जिने मला सगळे खाऊ घातले तिला काय खाऊ घालायचे? फ्लॉवर घेतला तर ती म्हणेल पोरगा शहरी झाला. वांगी घेतली तर म्हणेल, वांग्यासाठी मला एवढ्या लांब आणले?

मी भेंडी उचलून टोके मोडून पाहत होतो, कारण बाकीचे लोक तसे करत होते. भाजीवाला म्हणाला, "साहेब, मुलगी बघायला आल्यासारखं करताय. पसंत हाय का, का पुढच्या गाळ्यावर बी चहापोहे घ्यायचेत?"

शेजारच्या दोन बायका हसल्या. मी भेंडी ठेवून बाहेर आलो.

बाहेर फुटपाथवर एक पोक्त बाई पोत्यावर रानभाज्या मांडून बसली होती. मिटलेल्या छत्रीसारखी हिरवी पाने पाहून माझे पाय थांबले. ती लोत होती. आखाडाच्या तोंडाशी आमच्या रानात उगवते. आत्या ती हरभऱ्याच्या डाळीत करी आणि मी त्या दिवशी एक भाकरी जास्त खाई.

"लोत हाय," बाई म्हणाली. "वळाखली का?"

"ओळखली. आम्ही ताम्हिणीकडचेच."

"असं व्हय. मंग तुमाला काय सांगायचं. करनार कोन, बायको?"

"लग्न नाही झालं. मीच करणार. माझी आत्या यायची आहे."

तिने माझ्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे नीट पाहिले. "तुमी करनार? लई खट्याळ भाजी हाय ती. जमंल ना?"

"माहीत आहे मला," मी म्हणालो. आत्ताच भेंडीवरून हसे झाले होते. आपल्याच मुलखाच्या भाजीबद्दल अडाणी ठरायची माझी तयारी नव्हती.

खरे म्हणजे मला काहीच माहीत नव्हते. लहानपणी स्वयंपाकाच्या वेळी आत्या मला चुलीकडे पाठ करून बसवी. कंदील माझ्यापुढे, पुस्तक माझ्यापुढे, चूल माझ्यामागे. "धुरानं डोळं जात्यात, तू हिकडं बघू नगंस." वडील तर कोणी मला हाक मारली तरी रागवत: "पोरगं वाचतंय, त्याला उठवू नका." मागे फोडणीचा आवाज येई, वास येई. लसूण ओळखू येई, मिरची ओळखू येई. त्या वासावरून मी त्या संध्याकाळी भाजी करायला निघालो होतो.

खोलीवर येऊन जुड्या सोडल्या तर प्रत्येक जुडीच्या मधोमध दुसऱ्याच कुठल्या झाडाचा पाला निघाला. साधी, लांबट पाने. मला वाईट वाटले. कचेरीतल्या जुन्या लोकांनी सांगितलेच होते की मंडईत जुडीच्या आत बघून घे, भरती घालतात. आपल्याकडची बाईसुद्धा इथे येऊन अशी झाली, असे म्हणत मी एक-एक पान वेचले आणि चाळीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आलो. लोत तीन पाण्यांनी धुतली, डाळीत शिजवली, लसणाची फोडणी दिली. वास अगदी घरच्यासारखा आला.

आत्या दिवेलागणीला आली. खोली पाहिली, माठावर हात ठेवून पाहिला, खाटेवर बसून उठली. मी ताट वाढले. आमच्याकडे पाहुणा आधी जेवतो आणि वाढणारा मागून. ती म्हणत होती, "तू बी बस की." मी म्हणालो, "आज तू पाहुणी." आयुष्यात पहिल्यांदा ती आधी बसली आणि मी वाढायला उभा राहिलो, याचा मला फार आनंद झाला होता.

तिने पहिले दोन-तीन घास खाल्ले. "लोत केलीस?" म्हणाली. "तुझी तू?"

"माझी मी. कशी झाली?"

तिने भाकरीचा कोरडा तुकडा मोडून तोंडात टाकला. मग म्हणाली, "लई झ्याक झाली. चिंच हाय का रे घरात?"

"चिंच कशाला?"

"आसंच. तोंडाला."

चिंच नव्हती. तिने पाणी प्यायले, पुन्हा घास घेतला. मग ताट पुढे केले. "वाढ आनखी."

मी वाढली. तिने संपवली. मग पातेल्याकडे हात केला. "ते बी आन हिकडं."

"सगळी?"

"मला लई आवडली. आन म्हनलं ना."

तिने पातेले स्वतःच जवळ ओढले आणि भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतले. माझ्यासाठी एक बोटभरसुद्धा राहिली नाही. मी कांदा आणि लोणच्याबरोबर जेवलो. मला कळेना. ही तीच बाई, जी वस्तीवर सगळ्यांची ताटे उठल्यावर पातेल्यात पाणी फिरवून ते पिऊन उठे. मग एकदम मनात आले की ती उपाशी राहत असणार. मी इथे पगार घेतो आणि ती तिकडे अर्धपोटी राहते. तो विचार आल्यावर मला तिच्याकडे बघवेना.

सकाळी माठ निम्मा रिकामा होता. ती बोलतच नव्हती. चहा दिला, तोही तिने बाजूला सारला. स्टँडवर मी विचारले, "मग येशील ना राहायला?" तिने माझ्या गालावर हात ठेवला आणि मान हलवली. ती होय म्हणून हलवली की नाही म्हणून, हे गर्दीत मला कळले नाही. शब्द एकही नाही. मी ते नाहीच धरले. भाजी आवडली, खोली आवडली नाही. किंवा खोली आवडली, मी आवडलो नाही. शिकून मी तिच्यापासून लांब गेलो, असे तिला वाटले असेल. कशाचाच नीट अर्थ लागेना.

पुढच्या आठवड्यात मी एक मूर्खपणा केला. ती उपाशी आहे असे धरून पुण्याच्या दुकानातला तांदूळ पिशवीत भरून ओळखीच्या कंडक्टरबरोबर धाडला. जिच्या खाचरात आंबेमोहर पिकतो तिला मी दुकानातला तांदूळ धाडला. चार दिवसांनी पिशवी परत आली, तिच्या घरच्या तांदळाने भरलेली. निरोप काही नाही. आमच्याकडे भांडे रिकामे परत जात नाही, पण मला वाटले की हा नकाराचा दुसरा शिक्का आहे.

असे दोन आठवडे गेले. शनिवारी मी पुन्हा मंडईवरून चाललो होतो तेव्हा त्या बाईनेच हाक मारली. तिचे नाव ठकाबाई, हे मला मागाहून कळले.

"काय ताम्हिणीकर, आत्याला आवडली का लोत?"

"आवडली. सगळी तिने एकटीनेच खाल्ली," मी म्हणालो. मग राहवले नाही. "पण बाई, तुम्ही जुडीत दुसरा पाला मिसळता ते बरे नाही. मी निवडून टाकला सगळा."

ठकाबाईचा हात भाजीवर तसाच थांबला. "टाकलासा?"

"मग काय करणार?"

"आरं बाबा, बोंडारा हुता त्यो. तुमी सायब मानूस, इसराल म्हून मीच प्रत्येक जुडीत घातला, फुकटचा. लोत घशाला खाजती. बोंडाऱ्याच्या पाल्याबिगर न्हाईतर चिंचंबिगर कोन खाईल ती?" ती पुढे वाकली. "तू खाल्लीस?"

"मला राहिलीच नाही."

"आन आत्यानं समदी खाल्ली. पातेलं पुसून."

"हो."

ठकाबाई हसेल असे मला वाटले. ती हसली नाही. पोत्यावरच्या भाजीवर तिने उगाच पाणी शिंपडले. मग म्हणाली, "तुझ्या ताटात येऊ नये म्हून खाल्ली तिनं. दोन दिस बोलली नसंल ती."

मी तिथेच फुटपाथवर, तिच्या पोत्याच्या कडेला बसलो. चिंच का मागितली, माठ निम्मा का झाला, चहा का सारला, स्टँडवर शब्द का फुटला नाही, हे सगळे मला तिथे बसून कळले. ती नाही म्हणालीच नव्हती. तिला काहीच म्हणता येत नव्हते. ठकाबाईने न मागता बोंडाऱ्याची चार पाने कागदात बांधून माझ्या पिशवीत टाकली. "घरात असू दे," म्हणाली.

मी खोलीवर गेलो आणि पत्र लिहिले.

दिवाळीनंतर आत्या आली आणि त्या खाटेवर नऊ वर्षे झोपली. माझे लग्न झाले, मुले झाली, ती सगळी तिच्या अंगाखांद्यावर वाढली. दरवर्षी भातलावणीला ती वस्तीवर जाई आणि दसऱ्याला परत येई. मुलांना पुणे घर वाटते. मला विचाराल तर मला अजून नीट सांगता येत नाही. आणि खरा गोंधळ निराळाच आहे. पुणे तिला मानवले, की तेही तिने त्या भाजीसारखेच न बोलता संपवले, म्हणजे त्याची खाज माझ्या वाट्याला येऊ नये? मी एकदा विचारले होते. ती म्हणाली, "काय बी इचारतो. जेव तू."

ते पत्र माझ्याकडे आहे, कारण येताना ते ती बरोबर घेऊन आली होती. "सुमनला धड वाचता येत न्हाई, अडखळती. तूच वाच," असे म्हणून तिने ते माझ्याच हातात दिले होते. सुमन म्हणजे शेजारच्या घरातली चौथीतली मुलगी. पत्र असे आहे:

तीर्थरूप हौसाआत्यास, यशवंताचा शिरसाष्टांग नमस्कार.

सुमन, हे पत्र तू आत्याला सावकाश वाचून दाखव. दार लोटून घे, म्हणजे ओटीवरच्या लोकांना हसायला मिळणार नाही.

आत्या, आज मंडईत बोंडारा कळला. मी तो कचरा म्हणून फेकून दिला होता. मी इतकी वर्षे शिकलो आणि तुझ्या चुलीत काय पडते ते मला माहीत नाही, कारण तू मला तिकडे बघू दिले नाहीस. तो दोष मी तुला देत नाही. पण आता माझ्या डोळ्यांना काही होत नाही, आता बघू दे.

तू उपाशी आहेस असे मला वाटले, म्हणून तांदूळ धाडला. माफ कर. तुझा तांदूळ शिजवला, शेजारच्यांनी वास घेऊन विचारले की कुठला. मी गावाचे नाव सांगितले.

तुझा घसा आता कसा आहे ते सुमनकडून लिहून पाठव. स्टँडवर तू मान हलवलीस ती कशी हलवलीस तेही लिहायला सांग. नाही असेल तर नाही लिही, मी वाईट वाटून घेणार नाही. वाटून घेईन, पण सांगणार नाही. नाही, तसेही नको. मी सांगेन. तूही सांगत जा.

चिंच आणून ठेवली आहे. खाट तशीच आहे, तिच्यावर मी झोपत नाही. तू आलीस की पुन्हा लोत करू. तू कर, मी चुलीकडे तोंड करून बसतो. आणि ताटे दोन एकदम वाढू. आधी पाहुणा, मागून घरचा, असे आपल्या दोघांत आता नको. खाजली तर दोघांच्याही घशाला खाजू दे.

तुझा,
येश्या