माहीमच्या खाडीतले काजवे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी आईवडिलांच्याही आधी आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या हेडमास्तरांचे नाव घेईन. आईवडिलांचे म्हणणेही तेच होते. वडील कापसाच्या जिनात हमाली करीत, आणि सातवीनंतर मलाही तिथेच लावायचे ठरले होते. गुरुजी एका संध्याकाळी आमच्या घरी आले, घोंगडीवर बसले, चहा घेतला आणि "हा माझ्याकडे राहील" एवढे बोलून मला घेऊन गेले. मॅट्रिकपर्यंत मी त्यांच्या पडवीत झोपलो, त्यांच्या मुलांच्या पंगतीला काकूंच्या हातचे जेवलो. पुढे बी.ए. झालो आणि मुंबईत सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो, तेव्हा अर्जासोबतचा चारित्र्याचा दाखलाही त्यांनीच दिला. छापील मजकूर खोडून त्यांनी आपल्या अक्षरात लिहिले होते : "याला मी घरातल्यासारखा ओळखतो. याच्या वागण्याची जबाबदारी माझी."

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. परळ-लालबागला सकाळी प्रभातफेरी आणि संध्याकाळी सभा, असे चालले होते. कचेरीत मात्र तोंडी हुकूम फिरला होता की सरकारी नोकराने सभेच्या आसपास दिसू नये. मनाने मी त्या मागणीच्या बाजूचाच होतो, पण सभा असली की लांबच्या गल्लीने घरी जायचो. मी हंगामी होतो. कायम होण्याआधी माझ्याबद्दल पोलिसांचा अहवाल जायचा होता. तो वाईट गेला तर नोकरी जाईल, ही एक भीती होतीच. त्याहून मोठी भीती अशी की मग गुरुजींना विचारणा होईल, आणि त्यांनी उभ्या आयुष्यात केलेली एक सही खोटी ठरेल.

परळच्या चाळीत आम्ही चौघे एका खोलीत राहत होतो आणि जेवायला शेजारी जात होतो. शेजारी मालवणकडचे जोडपे होते. नवरा गिरणीत साच्यावर कापड विणी, बायको घरी आम्हा सहासात एकट्या माणसांचा स्वयंपाक करी. त्यांना आम्ही भाऊ आणि वहिनी म्हणत असू. भाऊ मोर्च्यात पुढे असायचे. एकदा कपाळाला पट्टी बांधून घरी आले होते. चाळीत पदवीधर मी एकटा, म्हणून ते मला 'बीए' म्हणत.

वैशाख संपत आला होता. भाऊंकडे माहीमचा एक कोळी अधूनमधून येऊ लागला. दोघे गॅलरीच्या टोकाला उभे राहून हळू बोलत आणि मी जिना चढून आलो की गप्प होत. वहिनींचेही वागणे बदलले होते. पूर्वी समोर बसून आग्रह करकरून वाढायच्या. आता ताट ठेवून पाठ फिरवायच्या आणि आतल्या बाजूला जाऊन बसायच्या. माझे काही चुकले असावे, असे आधी वाटले. मग वाटले, चूक माझी नसावी. इथे काहीतरी झाकले जाते आहे.

एके दिवशी पाण्याचा तांब्या घेताना फळीवर एक चिठ्ठी दिसली. अक्षर भाऊंचे होते. "१४, पाऊण, १०॥. माहीम. बत्ती नको. कोणाला सांगू नये." पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, मला गुरुजींनी छडी न वापरता पाठ करून घेतली होती. चौदा पाऊणे साडेदहा. हिशेब बरोबर होता. पण चौदा कसले? पाऊण कसली? त्या वेळी दारूबंदी होती आणि माहीमच्या खाडीत हातभट्ट्या चालतात, हे कचेरीतल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होते. चौदा बाटल्या, प्रत्येकी पाऊण भरलेली? की चौदा माणसे? भूमिगत बैठक? मी चिठ्ठी होती तशी ठेवली. त्या दिवशी भात गिळवेना.

दोन दिवसांनी भाऊंनीच विषय काढला. जेवून हात धूत होतो.

"बीए, शनवारी रात्री काय करतंस?"

"काही नाही. का?"

"होडयेतून जाऊचा हा. माहीमच्या खाडयेत. काजवे बघूक."

"काजवे?" मी म्हणालो. "होडीतून? रात्री?"

"मगे काय दिवसा दिसतत? बीए होऊन फुकट तुझा!" ते हसले, मग आवाज उतरवून म्हणाले, "आमच्यावांगडा येव नको. आठाक माहीमच्या बंदरावर एकटोच ये. पांढरे कपडे घालू नको. आणि हयसर कोणाक बोलू नको."

आतून वहिनींचा हसण्याचा आवाज आला. मी होकार दिला. का दिला, हे त्या वेळी मलाही कळले नाही.

शुक्रवारी दुपारी कचेरीत एक साध्या वेषातले गृहस्थ भेटायला आले. माझ्याच पडताळणीचे काम त्यांच्याकडे होते. गोड बोलत होते. गाव कुठले, गुरुजी कोण, शेजारी कोण कोण, रात्री बैठका होतात का. मी सगळ्याला "माहीत नाही" म्हणत होतो. मग त्यांनी डोळे मिटल्यासारखे करून विचारले, "तुमच्याबद्दल काय लिहू? शेजारी जेवता, आणि शेजाऱ्याचे काही माहीत नाही?"

आणि मी सांगून टाकले. शनिवार, माहीमचे बंदर, आठ वाजता, बत्ती नको, मला काजवे बघायला बोलावले आहे. सांगताना मला आपण प्रामाणिकपणे वागतो आहोत असेच वाटत होते.

"काजवे!" ते हसले आणि वहीत लिहून घेतले. "जा ना. बघून या. मग आम्हालाही सांगा."

शनिवारी अर्धा दिवस कचेरी. घरी आलो तर वहिनी भर उन्हात पदराखाली मोठे गाठोडे धरून जिना उतरत होत्या. माझ्याकडे न बघता गेल्या. माझी खात्रीच झाली. बाईमाणूस पुढे पाठवून माल हलवतात, असे मी ऐकले होते.

संध्याकाळी खाकी सदरा घालून दादरवरून चालत माहीमला गेलो. बंदरावर एक लहान होडी लागली होती. तीत वहिनी आधीच बसल्या होत्या, शेजारी कोळ्याची म्हातारी आई, आणि मधे ते गाठोडे. भाऊंनी हात देऊन मला वर घेतले.

"खाली बस रं, होरी कलतंय," कोळी म्हणाला. "नि इडी-काडी पेटवाची नाय."

"का?" मी विचारले.

"कल्ला ते मंग सांगतंय. बस."

होडी वल्ह्यांचा फारसा आवाज न करता आत निघाली. पाणी आमच्याच बाजूने वाहत होते. पुलाखालून जाताना सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी प्रत्येक गोष्ट लक्षात ठेवत होतो, कारण सांगायचे होते. डाव्या काठाला तिवरांच्या आत लाल विस्तव दिसला आणि आंबूस वास आला. भट्टीच. मी भाऊंकडे पाहिले. आता होडी तिकडे वळणार. कोळी थुंकला आणि वल्हे जोरात मारून उलट्या बाजूला सरकला. गाठोड्यावर म्हातारीने हात ठेवला होता. आत काहीतरी गोल होते, ते तिच्या बोटांखाली स्पष्ट जाणवत होते.

न राहवून मी म्हणालो, "साडेदहाला काय आहे?"

कोळ्याचे वल्हे थांबले. मग भाऊ म्हणाले, "तुका रे कोणी सांगल्यान?"

"चिठ्ठी दिसली."

कोळी हसू लागला. "तिथीची पाऊणपट, साहेब! चौदा पावने साडेधा. साडेधाला पानी पुरा भरतंय, मंग फिरतंय. भरतीवर जावाचं नि व्होटीवर येवाचं. नायतर रातभर चिखलान बसाल."

समुद्राचे पाणी पंचांगाप्रमाणे चालते, हे मला ठाऊक नव्हते. आमच्या गावाला विहिरी होत्या. तरी मी मनात म्हटले, भरतीचे खरे असेल, पण मग लपवाछपवी कशाला? उत्तराने संशय कमी होत नाही, अशी एक वेळ येते. माझी ती आली होती.

बरेच आत गेल्यावर खाडी अरुंद झाली आणि तिला मिळणाऱ्या नदीचे काठ जवळ आले. कोळ्याने वल्ही आत घेतली. "बघा," म्हणाला.

काठावरच्या एका झाडावर काजवे होते. एकदोन नव्हेत, फांदीफांदीला. सगळे एकदम पेटत आणि एकदम विझत, आणि पेटले की पाण्यातही तेच झाड उलटे दिसे. पलीकडच्या झाडावर वेगळी लय चालली होती. काडी का पेटवायची नाही, ते आता सांगायची गरज नव्हती. मी मात्र झाडाऐवजी त्याच्या उजेडात आमची माणसे बघत होतो. त्या उजेडातच मला वहिनींचे पोट दिसले. रोज ज्यांच्या हातचे जेवत होतो, त्यांचे मला दिसले नव्हते.

म्हातारीने गाठोडे सोडले. नारळ, हिरवा खण, तांदूळ, सुपारी, हळकुंड, पाच फळे आणि केळीच्या पानात बांधलेल्या खापरोळ्या, म्हणजे जाड मऊ घावन, आणि डब्यात नारळाचा गोड रस.

"सातवो लागलो," भाऊ पाण्याकडे बघत म्हणाले. "आधीची दोन गेली. दोन्ही वेळेक आठव्यात. चाळीत बोभाटो झालो, सगळ्यांनी येऊन बघितल्यानी, आणि गेली. म्हणान यंदा कोणाक सांगूक नाय. तिका डोहाळे लागले ते होडयेचे नि काजव्यांचे. आमच्या गावच्या खाडयेत असत ते. गावाक नेऊक रजा गावना नाय."

तिन्हीसांजेला गरोदर बाईने उंबरा ओलांडू नये, म्हणून वहिनी दुपारीच निघाल्या होत्या. पांढरे कपडे चिखलासाठी नकोत. एकेक गोष्ट उलगडत होती.

"मग मला का आणलेत?" मी विचारले.

वहिनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलल्या. "माझ्या माहेरचा कोणी नाय मुंबईत. भाऊ पण नाय माका. पयलो घास माहेरच्यान भरवचो असता. आजच्या दिवस वैनी म्हणू नका, भावजी. ताई म्हणा."

म्हातारीने कुंकू लावून त्यांची ओटी भरली. मी खापरोळीचा तुकडा रसात बुडवून भरवला. रस त्यांच्या हनुवटीवर सांडला. "बीएक घास भरवूक शिकवूक नाय कॉलेजात," भाऊ म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. बंदरावर काय वाट बघत असेल, ते मला तेव्हाच समजायला हवे होते.

पाणी फिरले, आम्ही परतलो. होडी लागते न लागते तोच तोंडावर बॅटरीचा झोत आला. हवालदार आणि दोन शिपाई.

"पदरात काय आहे? मोकळा करा."

"ओटी हा ती," भाऊ पुढे झाले. "गरवार बाई हा, हवालदार."

"पोटाला टायरची ट्यूब बांधून दारू नेणाऱ्या बायका आम्ही रोज बघतो. करा मोकळा."

म्हातारी ओरडली, "मुडद्या, तुझ्या आयशीची वटी भरली नव्हती काय रं?" पण शिपायाने पदराचे टोक ओढलेच. तांदूळ चिखलात गेले. नारळ घरंगळत पाण्याशी जाऊन थांबला. हवालदाराने खण उलटासुलटा करून बघितला, गाठोडे हुंगले, आणि "जा" म्हणाला. वहिनी वाकून चिखलातून तांदळाचा एकेक दाणा वेचू लागल्या. भाऊंनी त्यांना उठवले.

घरी परतताना भाऊ म्हणाले, "खबर कोणीतरी दिल्यान."

"भट्टीवाल्यांनी असेल," वहिनी म्हणाल्या. "भावजी किती घाबरले बघा."

मी दोन पावले मागे राहिलो.

रविवारी सकाळी ते गृहस्थ चाळीखालच्या हॉटेलात बसले होते. "मिळाले काजवे?"

"मिळाले. झाडभर होते. बाकी काही नव्हते. तुम्ही मला बघून सांगा म्हणालात आणि आधीच माणसे पाठवलीत."

"तुमच्या एकट्यावर विसंबून कसे चालेल?" ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही त्यांच्याच घरी जेवता. तुमचा अहवाल अजून लिहायचा आहे. भाऊंकडे आणखी कोण येते, आठवून ठेवा."

मी चहा तसाच टाकून उठलो. वर जाऊन भाऊ आणि वहिनी दोघांनाही सांगितले. मग खोलीत येऊन पत्र लिहिले. पाठवण्याआधी त्याची नक्कल करून ठेवली होती, ती अशी :

गुरुजी, पाया पडतो.

हे पत्र एकट्याने वाचा. ज्यांच्या घरी मी जेवतो त्यांच्याबद्दल मी पोलिसांना चुगली केली. त्यांनी काही वाईट केलेले नव्हते. बाईंचे डोहाळे पुरवायला ते होडीतून काजवे बघायला गेले होते, आणि मला भाऊ म्हणून नेले होते. माझ्या सांगण्यावरून त्यांची झडती झाली. हे मी भीतीने केले. आपल्या सहीला डाग लागू नये म्हणून केले, असे मी स्वतःला सांगत होतो.

आज मी त्यांना सगळे सांगितले. भाऊ खिडकीशी गेले. मग म्हणाले, "माका आधी विचारला असतंस तर!" बाईंनी दुपारी नेहमीसारखे ताट वाढले, पण वाढून आत निघून गेल्या. मी जेवलो. न जेवता उठणे मला त्याहून वाईट वाटले.

पोलिसांना मी यापुढे काही सांगणार नाही. तेव्हा माझ्याबद्दल आपल्याकडे विचारणा होईल असे दिसते. माझी नोकरी राहावी म्हणून एक अक्षरही झाकू नका. दाखला परत घ्यावासा वाटला तर घ्या. मला राग येणार नाही.

एक विचारायचे आहे. सातव्या महिन्यातली भरलेली ओटी चिखलात सांडली तर त्यावर काही करतात का? काकूंना विचारून लौकर कळवा. इथे मला कोणाला विचारता येत नाही.