आईचे गुडघे आणि माझा नवस

आईनं पाणी पिणं कमी केलं आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. धारला वैशाखात माणूस तांब्यावर तांबे रिचवतो, आणि ही बाई जेवताना अर्धा पेला पाणी घेऊन उठायची. म्हणजे उठायची कुठली, मी उठवायची. एकदा मी चिडून विचारलं तेव्हा गवार निवडता निवडता ती म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं. गेलं की बसावं लागतं. बसलं की तुला हाक मारावी लागते." एवढं बोलून तिनं सूप पुढे ओढलं.

हाक आली की मी परसातल्या संडासाच्या दाराशी जायची, तिच्या बगलांत हात घालून तिला उभी करायची. त्या वेळी ती डोळे गच्च मिटून घ्यायची. जिनं मला धुतलंपुसलं तिला मी उचललं तर त्यात लाजायचं काय, असं मी तिला शंभरदा सांगितलं असेल. पण लाज तिची होती आणि ती माझ्या सांगण्यानं जाणारी नव्हती. तिला काही दूरवर चालत जायचं नव्हतं. त्या एका जागेवरून स्वतःचं स्वतः उठता यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

संस्थान विलीन झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी वडील गेले. दादा देवासला कचेरीत लागला होता, त्याचं बिऱ्हाड तिकडेच. मी धारला मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. माझं लग्न झालं नव्हतं आणि लोकांनी आता त्याची विचारपूसही सोडली होती, त्यामुळे आई आणि मी अशा दोघीच घरात होतो. तिचे गुडघे माझ्यावर सोपवल्यासारखेच होते आणि मी त्यांच्यापुढे अगदी हात टेकले होते.

उपाय काय थोडे केले? निर्गुडीचा शेक झाला, एरंडाची पानं बांधून झाली. तिरल्याहून एक म्हातारी यायची, तिनं दोन्ही गुडघ्यांवर बिब्बा घातला. कातडी भाजली, फोड आले, ते बरे व्हायला महिना गेला आणि गुडघे होते तसेच राहिले. इस्पितळातल्या डॉक्टरांनी वय झालं म्हणून सांगितलं. आईचं वय तेव्हा अठ्ठावन्न होतं. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की पुढे बाजारात ते दिसले तरी मी रस्ता बदलायची.

एक दिवस शाळेतून आले तर घरात आई नाही. हाक मारली तर परसातून ओ आली. ती तिथेच बसून होती. कधीपासून, ते तिनं त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतरही नाही. तिचे पाय इतके बधिर झाले होते की मी तिला उभी केली ती सबंधच माझ्यावर कलंडली. तिला अंघोळ घातली, गादीवर निजवलं आणि मी देवघरात जाऊन उभी राहिले. आईचं माहेर देवासचं. टेकडीवरची देवी हे तिच्या माहेरचं दैवत. मी कधी कुणापाशी काही मागितलं नव्हतं, पण त्या दिवशी हात जोडून म्हटलं, "आईचे गुडघे बरे कर. तिला तिच्या पायांनी टेकडी चढवून तुझ्या दर्शनाला आणीन." शाळेत मी मुलींना शब्द नेमके वापरा म्हणून छडी दाखवत असे. देवीपाशी एवढं नेमकं बोलायची काय गरज होती, कोण जाणे. नुसतं दर्शनाला आणीन म्हटलं असतं तरी तिला समजलं असतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी दादाचं पत्र आलं. देवासला मुंबईहून शिकून आलेल्या एका डॉक्टरनं दवाखाना घातला होता आणि तो सरळ गुडघ्याच्या सांध्यात इंजेक्शन द्यायचा. दादाच्या साहेबांचे सासरे त्यानं हिंडतेफिरते केले होते. दिवाळीची सुट्टी लागताच मी आईला घेऊन निघाले. मोटारीच्या पायरीपाशी तिला पाय उचलता येईना. मागची माणसं ओरडायला लागली. कंडक्टर म्हणाला, "रुको भिया, माँजी चढ़ रही हैं," आणि त्यानं नि मी मिळून तिला पोत्यासारखी वर घेतली. इंदूरला मोटार बदलताना पुन्हा तेच. देवासला पोचेपर्यंत आईनं पाण्याचा थेंब घेतला नाही.

डॉक्टर तरुण होता, बोलायला मृदू होता. आईनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घ्यायला दहा मिनिटं लावली, तेवढा वेळ तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बिब्ब्याचे डाग पाहून त्यानं मान हलवली. पितळी भांड्यात सुया उकळत होत्या. बाटलीतलं औषध दुधासारखं पांढरं होतं. भलीमोठी सुई गुडघ्याच्या वाटीच्या बाजूनं आत गेली तेव्हा आईनं माझं मनगट धरलं, ते तीन दिवस निळं होतं. दोन्ही गुडघे झाल्यावर डॉक्टर तिच्यापुढे स्टूल ओढून बसला. "माँजी, दर्द चला जाएगा, लेकिन घुटना नया नहीं हुआ है. आराम करना. सीढ़ी तो बिलकुल नहीं चढ़ना." आईनं शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. मीही डोलावली.

पहिला दिवस दुखण्यात गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दादाच्या ओट्यावर दात घासत होते, तर आई परसाकडून चालत आली. एकटी. तांब्या हातात. माझ्यासमोर येऊन थांबली आणि म्हणाली, "मी उठले." तिनं घरात जाऊन माठातलं पाणी घेतलं आणि उभ्यानं दोन पेले प्यायली, वर वहिनीकडे चहा मागितला. वहिनी पदरानं डोळे पुसत होती. त्या आनंदाच्या भरात माझी जीभ सुटली. म्हटलं, "आई, मी तुझ्यासाठी देवीला नवस बोलले होते. पावली बघ."

"काय बोललीस?"

मी शब्दन् शब्द सांगितला. खुळीच मी.

तिचा चेहरा उतरला. आमच्याआधी आईला एक मुलगा झाला होता, तो सव्वा वर्षाचा होऊन गेला. त्याच्या जन्माआधी माझ्या आजीनं कसलासा नवस बोलला होता आणि तो फेडायचा राहून गेला होता. मूल गेलं ते त्यापायी, हे आईच्या मनानं घेतलं होतं. वडिलांनी आयुष्यभर समजावलं, पण ते तिच्या मनातून निघालं नाही. तिनं पेला खाली ठेवला आणि विचारलं, "मंगळवार कधी आहे?"

पुढचे बारा-पंधरा दिवस मी काय काय केलं ते आठवलं की माझीच मला कीव येते. आधी मी डॉक्टरचं नाव पुढे केलं. ती म्हणाली, डॉक्टरनं औषध दिलं, पण गुण कुणी दिला? मग म्हटलं, पायांनी असं मी म्हटलंच नव्हतं, आता आठवतंय. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, मला आणखी खोटं बोलवेना. डोलीतून नेऊ म्हटलं, तुझ्याऐवजी मी अनवाणी चढते म्हटलं. "नवस तुझा आहे," ती म्हणाली, "राहिला तर तुला बाधेल. एक घालवलंय मी." दादाला म्हटलं तू तरी सांग. दादा म्हणाला, "नवस तू बोललीस आणि रागवायला मी?" त्याचंही बरोबर होतं. डॉक्टरनं तरी तिला दटावावं म्हणून दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी मी तिच्यादेखत विषय काढला. त्यानं तिला सहा महिने थांबायला सांगितलं. आई हो म्हणाली. दाराबाहेर आल्यावर मला म्हणाली, "सहा महिन्यांत तुला काही झालं तर हा येणार आहे का?"

एवढं करूनही मी तिला बळजबरीनं धारला नेऊ शकले असते. सुट्टी संपत आली होती, तिकिटं काढायची की निघायचं. ते मी केलं नाही. आणि आज इतक्या वर्षांनी खरं सांगायचं तर मनात कुठेतरी मलाही भीती वाटत होती. शाळेत मुलींना भुताखेतांवरून हसणारी मी, रात्री अंगात कणकण वाटली की नवस आठवायची.

पहिला मंगळवार मी दुसरं इंजेक्शन व्हायचंय म्हणून टाळला होता, पुढच्या मंगळवारी सकाळी आम्ही चौघं टेकडीच्या पायथ्याशी गेलो. ओटीचं सामान वहिनीच्या हातात होतं, कारण वडील गेल्यापासून आईला ओटी भरता येत नव्हती. नारळवाली बाई आईच्या चालण्याकडे बघून म्हणाली, "याँ से ही हात जोड़ी लो माँ साब, माता तो सब देखे." मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले. आई तिला हसली आणि पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला.

आणि ती चढली. मला वाटलं होतं वीस पायऱ्यांत बसेल, मग आपण तिला समजावून परत नेऊ. पण ती सुरेख चढली. मध्ये दोनदा टेकली नि दोन्ही वेळा माझा हात झटकून आपली आपण उठली. लहानपणी मैत्रिणींबरोबर शर्यत लावून कशी चढायची ते सांगत होती. अमुक वळणावर तिचं पैंजण पडलं होतं म्हणे, ती जागाही दाखवली. देवीपुढे तर ती खाली बसली. गुडघे मोडून, पालखट घालून, चार वर्षांनी पहिल्यांदा. मीही भुलले. मनात म्हटलं, डॉक्टरला काय कळतं? आपण उगाच भ्यालो.

उतरताना ती बोलेनाशी झाली. पायथ्याशी आल्यावर म्हणाली, थोडं भरल्यासारखं वाटतंय. दोन दिवसांनी उजवा गुडघा नारळाएवढा सुजला, हात लावला तर तापलेला. डावा त्याच्या मागून. डॉक्टरनं आतलं पाणी काढलं, पिवळसर, वाटीभर. मग तो मला बाहेर बोलावून म्हणाला, "बहनजी, आप तो पढ़ी-लिखी हैं." मी मान खाली घातली. दुखत नव्हतं म्हणजे औषधानं दुखणं झाकलं होतं. आतला सांधा तसाच जीर्ण होता, आणि दुखत नाही म्हणून आम्ही तो पायऱ्यांवर दळून घेतला होता.

तिसऱ्या इंजेक्शनचा गुण आठ दिवस टिकला. चौथ्याचा चार. त्यानंतर आणखी द्या म्हणून मी गयावया केली तर डॉक्टर म्हणाला, यापुढे देणं म्हणजे उरलासुरला सांधाही घालवणं आहे. शाळेतून वाढवून घेतलेली रजाही संपली होती. दादानं चौघांना गोळा करून आईला खुर्चीसकट मोटारीत चढवलं आणि मी तिला धारला घेऊन आले.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली आणि एकदाही स्वतःच्या बळावर उभी राहिली नाही. सुताराकडून मधोमध भोक पाडलेली लाकडी खुर्ची करून घेतली. तिच्यावर बसवायचं तरी मी, उठवायचं तरी मी. आजूबाजूच्या बायका समाचाराला आल्या की आई त्यांना देवीनं तिला टेकडी कशी चढवली ते रंगवून सांगायची. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत राहायची. मला तिनं एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

एकदाच बोलली. श्रावणातली सकाळ होती, मी तिला खुर्चीवरून उठवत होते आणि तिचं सारं ओझं माझ्या खांद्यावर होतं. माझ्या कानाशी तोंड होतं तिचं. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझ्यासाठी आता काही मागत नाहीस ना गं देवीपाशी?"

"नाही."

"नको मागूस. आता माझ्यानं चढणं व्हायचं नाही."

मी मान डोलावली. तिला धरायला दोन्ही हात लागत होते, त्यामुळे मला डोळेही पुसता येईनात.