हेरानं घरी जावं की नाही

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चार माणसं वर्षानुवर्षं एकाच टेबलाभोवती चहा पीत राहिली की ते साचतातच. मग कुणाच्या लग्नात, कुणाच्या रिटायरमेंटला एकेक बाहेर पडतो. आमच्या सेक्शनचे बहुतेक किस्से एका हेराचे आहेत.

म्हणजे सिनेमातल्या हेराचे. इंग्रजी मालिका, हिंदीत डब केलेली. दोन-चार वर्षांनी नवा भाग यायचा आणि आम्ही चौघं मिळून बघायला जायचो. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, एका जुन्या इमारतीत आमची कचेरी उघडली, तेव्हापासूनची ही सवय.

चौघं म्हणजे देशकर साहेब, काळे, साहू मॅडम आणि मी. साहेब आमचे सेक्शनप्रमुख. मराठ्यांचं राज्य होतं तेव्हापासून त्यांचं घराणं इथलं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. काळे नागपूरहून बदलून आलेला, तोंडाला कुलूप नाही. साहू मॅडम इथल्याच, गुढियारी मोहल्ल्यातल्या, नवरा गेल्यावर टायपिंगला लागलेल्या. मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत. आणि मी सुषमा, भंडाऱ्याची.

आमचा वाद कायम एकच. या मालिकेनं आपला ठरलेला साचा मोडावा की नाही?

"अजिबात नाही," साहेब म्हणायचे. "आधी पाठलाग, मग वरिष्ठांची बोलणी, मग बाई, मग बॉम्ब. हे नसलं तर माणूस जाते कशाले?"

"साहेब, सारं आधीच माहीत असलं तर मग कशाले जाते?" काळे विचारायचा.

* * *

पहिल्यांदा गेलो तेव्हा काळे प्रत्येक सीन आधीच सांगत होता. "आता तो वेटर बंदूक काढते पाहा." वेटरनं बंदूक काढली. "आता लाइट जाते." लाइट गेली. मागच्या रांगेतले लोक खूश. पुढे वाकून विचारायला लागले, "भैया, अब कौन मरेगा?"

"वो बुड्ढा साइंटिस्ट," काळे म्हणाला.

म्हातारा मेला नाही. उलट तोच खलनायक निघाला. आख्खी रांग काळेवर उखडली. "पता नहीं है, तो बोलते क्यों हो?"

देशकर साहेब त्याच्या कानाशी लागले. "पाहिलं? साचा मोडला की लोक कोणावर चिडतात?"

* * *

काळेच्या बायकोची, वंदनाची, तक्रार वेगळीच. "दरवेळी ती पोट्टीच काहून मरते? हेराले साधं खरचटत नाही." एक बाई शेवटपर्यंत जिवंत राहील तेव्हाच मी येईन, असं तिनं जाहीर केलं, आणि खरंच दोन भाग आली नाही.

मग एकदा कुणीतरी सांगितलं, या भागात बाई वाचते. काळे तिला मोठ्या थाटात घेऊन आला. त्या दिवशी घरी पाहुणे जेवून गेले होते, ती दमलेली. पहिल्या पाठलागातच तिला झोप लागली. शेवटी दिवे लागले तेव्हा तिनं डोळे चोळत विचारलं, "वाचली?"

"वाचली."

"मग झालं तर," म्हणत ती चपला शोधायला लागली.

* * *

पुढे हिरोच बदलला. साहेबांनी बहिष्कार टाकला. "हा पोट्टा हेर? मी पाहणार नाही."

आम्ही तिघंच गेलो. मध्यंतरात मी आणि साहू मॅडम समोसे घ्यायला बाहेर आलो, तर स्टॉलवर एक गृहस्थ टोपी भुवयांपर्यंत ओढून, भिंतीकडे तोंड करून कॉफी पीत होते. साहेब!

"मी पंडरीत कापड घ्यायला आलो होतो," ते म्हणाले. अर्धं फाडलेलं तिकीट हातातच होतं.

साहू मॅडमनी गंभीरपणे मान हलवली. "सर, असली जासूस तो आप निकले।"

मध्यंतरानंतर ते आमच्या रांगेत येऊन बसले. नवा हिरो कसा वाटला, म्हटलं. "दाढी नीट करत नाही," ते म्हणाले. "पण पळते बरा."

* * *

डब्याच्या वेळी एकदा वाद फार तापला. साहेब म्हणत होते, "हेराले घर नसते. घर आलं की तो संपला." साहू मॅडम सहसा या वादात पडत नसत. त्या दिवशी म्हणाल्या, "थकता तो होगा ना, सर? इतने साल में किसी ने पूछा, खाना खाया क्या?"

साहेबांच्या पुढ्यात नेहमीसारखा ब्रेड आणि केळं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी एक डबा जास्तीचा आणला. तांदळाच्या पिठाचा चीला, म्हणजे आपलं धिरडंच, आणि टोमॅटोची चटणी. साहेबांनी सगळा संपवला.

"साहेब, साचा मोडून राहिले काय?" काळेनं विचारलं.

"हा साचा नाही, नाश्ता आहे," साहेब म्हणाले. डबा त्यांनी स्वतः नळावर धुऊन परत दिला.

* * *

साहेब रिटायर झाले आणि दिसेनासे झाले. फोन केला की म्हणायचे, "ठीक आहे." एवढंच. काळे एकदा घरी जाऊन आला. भरदुपारी पडदे लावून बसले होते, म्हणाला. त्याला ते बघवलं नाही.

मग मालिकेचा नवा भाग आला. काळे त्यांना घरातून अक्षरशः उठवून मॅटिनीला घेऊन आला.

आणि त्या भागात भलतंच झालं. बॉम्ब निकामी केल्यावर हेरानं राजीनामा दिला. बसनं एका लहानशा गावात गेला, दार वाजवलं, एका बाईनं दार उघडलं. संपलं.

आम्ही तेलीबांधा तलावाच्या काठावर येऊन बसलो. काळेनं शेंगा घेतल्या. साहेब आता काय काय बोलतील, याची आम्ही वाट बघत होतो. मग वळले ते साहू मॅडमकडे, आणि आपल्या त्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाले, "आप सही बोलती थीं। आदमी को घर जाना चाहिए।"

"तो जाइए ना," मॅडम शेंगा सोलत म्हणाल्या. "कौन रोकता है?"

"अकेले नहीं जाना है।"

काळेच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी तलावाकडे बघायला लागले.

मॅडमनी ओंजळीतली टरफलं कागदात नीट बांधली. पदर झटकला. पर्समधून स्कूटीची चावी काढली.

"हव," छत्तीसगढीत होकार देतात तसं त्या म्हणाल्या. "पर गाड़ी मैं चलाऊँगी।"