जांभळ्या काठाचे कप

रंगांवर माझ्या नणंदेइतकी माया करणारी आणि रंगांनी इतका दगा दिलेली बाई अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायची नाही. नालवाडीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. पासष्टी उलटल्यावर तिनं मोबाइलवर बघून चिनी मातीचे पांढरे कप रंगवायला घेतले. तयारी अशी, जणू कपांची मुंजच आहे: आधी साबणानं न्हाणं, मग स्पिरिटचा बोळा, आणि कुणाचं बोट लागलं की पुन्हा आंघोळ. माझ्या नवऱ्यानं एकदा त्यातला कप चहासाठी उचलला, तर सख्ख्या भावाला तिनं आधी हात स्पिरिटनं पुसायला लावले. मोबाइलमधली बाई बजावायची, ओठ लागतात तिथं बोटभर जागा कोरी ठेवा. हिला ते पटेना. "बिनकाठाचं लुगडं कोनी नेसते का वं?" असं म्हणत तिनं प्रत्येक कपाला जांभळा काठ काढला.

मी तेव्हा साठीची पोर, अक्कल यायची होती. शाळेत रांगोळीला मिळालेल्या एका बक्षिसाच्या भांडवलावर मी तिची गुरू होऊन बसले होते. रंग पक्का व्हायला कप ओव्हनमध्ये भाजायचे होते. "ओव्हन काऊन पाहिजे अक्का? आपलं मे महिन्याचं ऊन काय कमी हाय?" मी म्हटलं. झालं! गच्चीवर पापडांच्या शेजारी कप वाळले.

नातीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, व्याह्यांना याच कपांतून चहा द्यायचा, हे तिनं गावभर सांगून ठेवलं होतं. दिला. पहिल्याच घोटाला नव्या व्याहीबुवांच्या पांढऱ्या मिशीला जांभळा काठ! नात रडवेली झाली. "आजी, कप भाजले नव्हते का? असं कोनी सांगितलं तुले?" माझ्या तोंडात चिवडा होता, तो मी फार सावकाश चावला. नणंदेनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मायीच अक्कल, दुसऱ्या कोनाची?" म्हणाली, आणि व्याह्यांकडे वळली, "आमच्या घरचा रंग लागला तुमाले. आता नाई म्हनता येत नाई!" व्याहीबुवा असे हसले की उरलेला चहा त्यांच्याच सदऱ्यावर सांडला. साक्षगंध पार पडलं.

चूक माझी होती, हे कबूल करायला मी परवा तिच्याकडे गेले. अलीकडे तिला माणसं ओळखू येत नाहीत. सगळं सांगितलं, मिशीसकट. ती खुदुखुदु हसली. मग माझा हात थोपटत तिनं काळजीनं विचारलं, "मंग तुयी नणंद रागावली तं नाई ना?"

"नाई वं," मी म्हटलं.