आईच्या पेल्यातली पावडर

आईला मी बरेच महिने मासळी पाजली, तिच्या नकळत. एवढं वाक्य लिहायलाही मला फार वेळ लागला.

आई पेणजवळच्या खाडीकाठची. मिठागरावर मिठाच्या टोपल्या डोक्यावरून वाहण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं. वडील वारले त्या वर्षी तिने तुळशीची माळ घातली आणि मासळी सोडली. आमच्याकडे माणूस एक वेळ भात सोडेल, मासळी नाही. शेजारी बोंबील भाजायला लागले की ती दार लोटून घ्यायची, बस.

पुढे कंबर धरली. मी तिला रोह्याला माझ्याकडे आणलं. पेणच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयामुळे मणक्यांमधल्या गाद्या झिजल्यात. कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवला. धाटावच्या कारखान्यात माझ्या शिफ्टमधला एक जण म्हणाला, "कोलॅजनची पावडर दे रे. माझा सासरा जिना चढतोय आता." डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "घेऊन बघा. खात्री मी देणार नाही."

डबा आणला. घरी आल्यावर मागची बारीक अक्षरं वाचली : माशांच्या कातडीपासून तयार केलेली.

परत करता आला असता. पण त्याच सकाळी आई मोरीपर्यंत जाताना मध्येच खाली बसली होती. मी पावडर स्टीलच्या डब्यात ओतली.

बायको म्हणाली, "विचारा तरी त्यांना."

"विचारलं तर नाय म्हणेल."

"म्हणून तर विचारा."

मी विचारलं नाही. कंबरेची पावडर आहे, एवढंच तिला सांगितलं. सकाळच्या दुधात ती कालवली, वर हळद घातली, वेलची घातली. मासळीचा वास तिच्या नाकाला कळेल, या धास्तीने पहिल्या दिवशी जीव मुठीत धरून उभा होतो. ती एवढंच म्हणाली, "वेलची किती टाकतोस रे? लगीन हाय काय घरात?"

हळूहळू ती बरी चालायला लागली. पावडरीने की व्यायामाने, मला आजही ठाऊक नाही. पेला देताना मी तिच्या तोंडाकडे बघणं मात्र सोडलं. एकादशीला तर मुद्दाम सकाळची शिफ्ट मागून घ्यायचो. त्या दिवशी बायको तिला नुसतं दूध द्यायची.

मग एकदा आईची भजनातली सोबतीण कंबर धरत घरी आली. तीही माळकरी. आई मला म्हणाली, "पोरा, तुझी ती पावडर हिला पण आणून दे." आणि तिला, "लाजू नको गो. माझा पोरगा वाईट वस्तू आणायचा नाय."

सोबतीण गेल्यावर मी आईसमोर बसलो आणि सांगून टाकलं.

तिने विचारलं, "हिला दिली नायस ना?"

"नाय."

"देऊ नको." आणि थोड्या वेळाने, "रांगत गेले असते रे मी मोरीत. तू कोण ठरवणारा?"

माळ काढून तिने देवापुढे ठेवली. गावच्या बुवांना विचारूनच परत घातली. बुवा म्हणाले, नकळत झालं त्याचं पाप तुला नाय. मग कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. आईनेही विचारलं नाही.

आता ती स्वतःचं दूध स्वतः तापवते. मी आणलेलं काहीही असो, साधं बिस्कीट असलं तरी बायकोला विचारते, "यात काय हाय गो?" पाठ पुन्हा वाकतेय. परवा तिच्या उशाशी कॅल्शियमचं पाकीट दिसलं. मी महिन्यापूर्वी आणलेलं.

"आई, गोळ्या घेतेस ना?"

"घेते की."

पाकिटातली एकही गोळी काढलेली नव्हती. मी ते होतं तसं ठेवलं.